सीरियस म्हंजे जित्ता

आमच्या नांदूरघाटातल्या एसटीडीवाल्या चाचांनी एका इंग्रजी शब्दापायी जेवढी माणसं तोडली, तेवढी बांधाच्या भांडणातही कुणी तोडली नसतील. शब्द काही फार अवघड नाही. 'सीरियस'. शाळेचं तोंड न पाहिलेली बाईसुद्धा आमच्याकडे तो सहज वापरते आणि तिचं काही अडत नाही. पण चाचांचं अडायचं. गेली तीसेक वर्षं हा माणूस त्या एका शब्दाचे अर्थ गोळा करतोय, ते लोकांना पटवायला बघतोय, आणि लोक त्याला लांबूनच हात जोडून पुढं जातायत. त्या हात जोडणाऱ्यांत मीही होतो, आणि चांगला पहिल्या रांगेत होतो. एकदा, निदान एकदा तरी, मी त्यांचं म्हणणं सरळ मनानं ऐकायला हवं होतं. आता ह्या गोष्टीला काही इलाज नाही. म्हणून निदान चाचा कसे आहेत ते तरी सांगतो.

चाचांचं खरं नाव गावात कुणी घेत नाही. मोबाइल यायच्या आधी बसथांब्याजवळ त्यांचा एसटीडी बूथ होता, तेव्हापासून ते एसटीडीवाले चाचा. पुढं घराघरात मोबाइल आले, बूथ बसला, आणि चाचांनी तिथंच फळं विकायला सुरुवात केली. पण काचेची केबिन त्यांनी काढली नाही. तिच्यातच केळीचे घड टांगले. गिऱ्हाइकानं डझनभर केळी मागितली की चाचा केबिनचं दार उघडून आत जातात, दार लावून घेतात, केळी तोडतात आणि मग दार उघडून बाहेर येतात. पावसाळ्यात आत घामाच्या धारा लागतात तरी हेच. मी एकदा विचारलं, "चाचा, केळी तोडायला दार कशाला लावता?" तर म्हणाले, "आत गेल्यावर दार लावावं रं. मानसाची खाजगी गोष्ट आसती." केळ्यांची कसली खाजगी गोष्ट, हे विचारायची सोय नव्हती, कारण मग त्यांनी 'खाजगी' ह्या शब्दावर माझा तासभर खाल्ला असता.

तर तो शब्द. आमच्याकडची रीत अशी, की घरात माणूस गेलं तर लांबच्या पाहुण्यांना ते फोनवर सरळ सांगायचं नाही. ऐकणारा एकटा असेल, भोवळ येऊन पडेल, घाईत मोटारसायकल कुठंतरी घालेल. म्हणून सांगायचं, "म्हातारा सीरियस हाय, लगीच निघा." ऐकणाऱ्यालाही बरोबर कळतं. तो पुढं काही विचारत नाही, कारण तसं विचारणं अभद्र. 'बरं' म्हणतो, फोन ठेवतो आणि मग रडतो. सांगणाऱ्याची जीभ विटाळत नाही आणि ऐकणाऱ्याला गावापर्यंत पोचायची उभारी राहते. ह्या रीतीत कुणाचं काही बिघडत नव्हतं. बिघडलं ते चाचांनी बीडच्या बसस्टँडवर एका फेरीवाल्याकडून इंग्रजी-मराठी डिक्शनरी घेतली तेव्हा. बूथवर बसून बसून त्यांच्या ध्यानात आलं होतं की ह्या गावात सगळ्यात जास्त खपणारा इंग्रजी शब्द हाच आहे. म्हणून डिक्शनरीत पहिल्यांदा तोच काढला. आणि बघतात तर तिथं त्याचे सात-आठ अर्थ दिलेले, पण 'मेलेला' हा अर्थ त्यात कुठंच नाही.

त्या दिवशी चाचा जेवले नाहीत म्हणे. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोनशे पानी वही आणली आणि डाव्या पानावर अर्थ, उजव्या पानावर त्या अर्थाचे भाऊबंद, म्हणजे तसलेच दुसरे इंग्रजी शब्द, असं लिहायला घेतलं. गंभीर. पोक्त. थट्टा न करणारा. मनापासून करणारा. काळजी करण्याजोगा. महत्त्वाचा. भाऊबंदांत ग्रेव्ह, क्रिटिकल, सिव्हिअर, अर्नेस्ट, सोबर. 'ग्रेव्ह'वर पुढं काट मारली, कारण त्याचा दुसरा अर्थ कबर निघाला. "पेशंटच्या घरच्यांपुढं आसला शब्द बरा न्हाई," असं त्यांचं मत पडलं. 'सोबर'पुढं 'न पिलेला' असं लिहून उदाहरण म्हणून गावातल्या दोन माणसांची नावं होती. त्यातलं एक नाव दोन महिन्यांनी खोडलेलं मी स्वतः पाहिलंय. गावात कुणीही बाहेरचं शिकून आलं, की चाचा वही घेऊन त्याच्या दारात हजर. एका नव्या डॉक्टरनं तर दवाखाना उघडल्याच्या तिसऱ्या दिवशी मागच्या दारानं जायला सुरुवात केली होती.

वही लिहून थांबले असते तर कुणाची हरकत नव्हती. पण चाचांनी बूथवर नियम लावला. 'सीरियस' हा शब्द मेलेल्या माणसाला वापरायचा नाही. एकदा एक जण बाप गेल्याचं मेव्हण्याला कळवायला आला. डोळे सुजलेले, आवाज फुटत नाही. कसंबसं तो म्हणाला, "दादा सीरियस हाईत, निघा," आणि चाचांनी पलीकडून हात घालून फोन कट केला.

"चाचा, लाइन तुटली वाटतं."

"म्या तोडली. दादा गेले ना?"

"गेले की."

"मंग सीरियस कावून म्हनतो? सीरियस म्हंजे जित्ता. गेले आसतील तर गेले म्हन."

ज्याचा बाप घरात जमिनीवर ठेवलाय, त्या माणसाला हे ऐकवायचं! तो मनुष्य पुढं कित्येक वर्षं चाचांशी बोलला नाही. माझी आई म्हणायची, "चाचा, ज्याचं जळतं त्याला कळतं. तुमी तितं डिक्शनरी कशाला उघडता?" तर चाचा शांतपणे म्हणायचे, "भाभी, उद्या कुनी खरंच सीरियस झालं, जित्तं आसलं, तर त्येच्यासाठी कोनता शब्द ऱ्हाईला मंग?" ह्या प्रश्नाचं उत्तर शोधायची आम्हाला गरजच वाटली नाही, आम्ही हसलो.

बाकीच्या अर्थांनीही चाचांनी कमी घरं हलवली नाहीत. बाहेरगावचा पाहुणा स्थळ बघायला आला, की आधी बसथांब्यावर उतरून, फळं घेत घेत, घराची माहिती काढतो. तेलगावचे पाहुणे असेच आले आणि त्यांनी चाचांना आमच्या गल्लीतल्या एका मुलाबद्दल विचारलं. मुलगा गुणी, कष्टाळू, सुपारीचं खांड न खाणारा. चाचांना त्याच्याबद्दल प्रेम. प्रेमाच्या भरात म्हणाले, "पोरगं लई सीरियस हाय." पाहुण्यांनी एकमेकांकडे बघितलं, मोसंबी तिथंच ठेवली आणि त्याच जीपनं परत गेले. संध्याकाळी मुलाचा बाप चाचांच्या दुकानावर आला तेव्हा चाचा त्याला वही दाखवत होते. "अर्थ नंबर चार बघ. मनापासून करनारा. म्या काय वाईट बोललो?" मुलाचं लग्न पुढं दुसरीकडं झालं. पण लग्नात चाचांना आमंत्रण नव्हतं.

मला स्वतःला त्यांच्या वहीचा प्रसाद नववीत मिळाला. प्रगतिपुस्तकावर सरांनी शेरा मारला होता, 'अभ्यासात सीरियस नाही.' मी तो आईला वाचून दाखवला. आईनं लगेच देवाला हात जोडले. "सीरियस न्हाई ना? म्हंजे तब्बेत चांगली हाय लेकराची," म्हणाली, आणि मला गूळ-शेंगदाणे दिले. मी ते खात ओट्यावर बसलो होतो. आमच्या आणि चाचांच्या घराची भिंत एकच. पलीकडून चाचा आले, त्यांनी शेरा वाचला, आणि अर्थ क्रमांक चार आईला उदाहरणासह समजावून सांगितला. उरलेले शेंगदाणे माझ्या हातून काढून घेतले गेले, आणि मग जे झालं ते सांगण्यासारखं नाही. चाचा मध्ये पडले नाहीत. त्यांचं समाधान एवढंच, की एका माणसाला तरी अर्थ बरोबर कळला.

पण चाचांच्या ह्या वेडाची खरी शोभा झाली ती एका मेंढ्या राखणाऱ्या म्हाताऱ्याच्या वेळी. म्हाताऱ्याला बैलानं छातीत लाथ मारली. अवस्था वाईट होती. घरच्यांनी घाबरून चकलांब्याला दिलेल्या लेकीला कळवायला चाचांना सांगितलं, आणि चाचांनी डिक्शनरीला स्मरून, अगदी योग्य जागी, कळवलं, "तुजा बाप सीरियस हाय." चकलांब्याहून टेम्पो भरून माणसं आली. बायकांनी वेशीपासूनच गळा काढला. लेक, नाती, पुतण्या, सगळ्या रडत, छाती पिटत अंगणात शिरल्या, आणि बघतात तर म्हातारा बाजेवर उठून बसलेला, दुधात भाकरी कुस्करून खातोय. त्यानं घास हातातच ठेवून विचारलं, "कोन गेलं रं?" लेकीला आनंद व्हायचा सोडून राग आला. ती तशीच चाचांकडे गेली. "जित्ता व्हता तर सीरियस कावून सांगितलं? आमी तितं हातातलं टाकून रडत आलो!" चाचा म्हणाले, "सीरियस व्हता म्हनूनच सांगितलं की." लेक पाय आपटत निघून गेली.

तेव्हापासून चाचांनी सुधारणा केली. माणूस खरोखर आजारी असला की ते सांगायचे, "सीरियस हाय. पन जित्ता हाय." आता झालं असं, की आमच्याकडे 'जित्ता हाय' असं कुणी मुद्दाम सांगितलं की उरलीसुरली शंकाही फिटते. जिवंत माणसाबद्दल तो जिवंत आहे असं कोण कशाला सांगेल? सांगणारा आपल्याला धीर देतोय, एवढंच ऐकणारा समजतो. चाचा जितकं स्पष्ट सांगायचे, तितका त्यांच्या शब्दाचा उलटा अर्थ पक्का व्हायचा. आणि चाचांना हे कधी कळलंच नाही, कारण ते स्वतः कुणाच्याही शब्दाचा उलटा अर्थ घेत नसत. कुणी 'आलोच' म्हणून गेलं, की चाचा त्याची वाट बघत दुकान उघडं ठेवायचे. एक पुढारी जाता जाता "उद्या तुमची पपई खातो चाचा" असं म्हणून गेला, तर ह्यांनी सगळ्यात चांगली पपई आठ दिवस त्याच्यासाठी राखून ठेवली, सडली तेव्हा टाकली आणि वर म्हणाले, "आजारी पडला आसंल बिचारा." माणूस बोलला म्हणजे बोलला, त्याच्या पलीकडे त्यांच्या डोक्यात काही शिरत नाही. असल्या माणसाशी बोलताना जपून बोलावं लागतं. मी जपलो नाही.

मी छत्रपती संभाजीनगरला एका सरकारी कार्यालयात आहे. थोरली बहीण जालन्याला. आई गावातच एकटी राहायची. तिला शहरात करमत नसे आणि तिच्या एकटेपणाची आम्हाला फार काळजी नसे, कारण भिंतीपलीकडे चाचा होते. सकाळी आईच्या घरातून भांड्यांचा आवाज आला नाही की ते भिंतीवर थाप मारायचे. आई आतून ओरडायची, "हाय, हाय, जित्ती हाय!" चाचांची चाची वारल्यापासून आई त्यांना रोज लसणाची चटणी द्यायची आणि चाचा तिला मऊ पडलेली केळी. दोघांचं रोज भांडण. ती म्हणायची, मला सडकी केळी देता. ते म्हणायचे, सडकी नव्हं, पिकली. आणि त्या दोन शब्दांतला फरक सांगायला बसायचे.

मागल्या वर्षी, ऊन तापायला लागलं होतं त्या दिवसांत, सकाळी साडेनऊला चाचांचा फोन आला. मी कार्यालयात जायला बूट घालत होतो.

"भाभी सीरियस हाय. सीरियस म्हंजे सीरियस. जित्ती हाय, बोलती हाय. डाक्टर येऊन गेला, आता कुटं हलवू नका म्हनला. तू लगीच नीघ."

मी खाली बसलो. बूट एकाच पायात होता. आई गेली, एवढंच मला कळलं. जित्ती हाय, बोलती हाय, डॉक्टर येऊन गेला, हे सगळं आपल्या लोकांचं धीर देणं मी लहानपणापासून ऐकलेलं. चाचांची वही, त्यांचे नियम, त्यांचा तीस वर्षांचा हट्ट, त्यातलं त्या क्षणी मला काहीही आठवलं नाही. कुणाच्या तोंडचे शब्द आहेत हे मी पाहिलंच नाही. मी फक्त म्हणालो, "निघालोच चाचा."

आणि निघालो नाही. बहिणीला फोन केला आणि तिला मीही तेच म्हणालो, आई सीरियस आहे. तिनं तिकडे हंबरडा फोडला. मग ठरलं, तिनं जालन्याहून यावं आणि सगळ्यांनी एकाच गाडीतून जावं. मुलाशिवाय आईची माती व्हायची नाही, मग धावपळ कशासाठी, असा मी विचार केला. अगदी शांतपणे केला, ह्याची मला आज लाज वाटते. बायकोनं तेरा दिवस पुरतील एवढे कपडे भरले. तोवर रजा टाकून यावी म्हणून मी कार्यालयात गेलो. अर्जात कारण लिहावं लागतं. मी लिहिलं, 'मातोश्रींचे दुःखद निधन झाल्याने.' अकरा वाजले होते. साहेबांनी उभं राहून माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला नंतर कळलं, त्याच सुमारास आई शेजारणीच्या हातून चमच्यानं चहा घेत होती आणि साखर कमी पडली म्हणून कुरकुरत होती.

बाराला चाचांचा परत फोन. "कुटवर आलास?" मी कार्यालयाच्या जिन्यात उभा होतो. सांगितलं असतं की अजून इथंच आहे, तर ते बोलले असते. म्हणून अर्धी वाट सरल्याचं सांगितलं, "गेवराईच्या पुढं आहे." चाचा म्हणाले, "बरं. भाभीजवळ नेऊ का फोन? बोल तिच्याशी." करोनाच्या दिवसांत मी लोकांना मयताच्या कानाशी फोन धरताना पाहिलं होतं. पलीकडून लेकरं रडत बोलायची आणि इकडे कुणी तरी फोन धरून उभं असायचं. ते मला सहन होण्यातलं नव्हतं. मी म्हणालो, "नको चाचा. आल्यावरच बघतो." त्यांनी "बरं" म्हणून फोन ठेवला.

बहीण यायला वेळ झाला. आम्ही दीडला निघालो. वाटेत चाचांचे आणखी दोन फोन आले, ते मी उचलले नाहीत. लाकडं, सामान, कुणाकुणाला कळवायचं, असलं काही विचारत असतील असं वाटलं. गावात पोचलो तेव्हा साडेपाच झाले होते. दारात माणसं होती. आईला जमिनीवर घेतलं होतं, तिच्या उशाशी दिवा लावला होता, आणि बहीण गाडीतून उतरून धावत जाऊन तिच्यावर पडली. मी उंबऱ्यात उभा असताना शेजारची बाई पदराला नाक पुसत म्हणाली, "तीनला गेली बगा. तवर सारकी तुमचीच वाट बगत व्हती." मला आधी ते वाक्य समजलं नाही. मी तिला परत विचारलं, "किती वाजता?" ती म्हणाली, "तीनला." चाचा भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. त्यांनी दोन शिव्या घातल्या असत्या, तर मी त्यांचे पाय धरले असते.

राख सावडून आलो त्या दुपारी घरात जरा शांतता झाली, तेव्हा चाचा आले आणि माझ्या शेजारी बसले. बराच वेळ गुडघ्यावरची धूळ झटकत राहिले. तीन दिवसांत ते खूप थकलेले दिसत होते. मग म्हणाले, "लेका, एक ईचारायचं हाय. नेकनूरला काय झालतं?"

मला कळेना. म्हणालो, "नेकनूरला?"

"तू गेवराईच्या पुढं हाय म्हनलास ना, तवापसून म्या घड्याळ लावलं. भाभी सारकी ईचारायची, कुटवर आलं लेकरू. म्या म्हनलं, बीडात आलं. जराशानं म्हनलं, मांजरसुंब्याला आलं. बरं वाटायचं तिला. डोळे मिटून पडायची, परत ईचारायची. दीडला म्हनलं, नेकनूरला आलं. तितून पुढं म्हंजे आता दारातच. मंग तू येईनाच. दोनला ईचारलं, म्या म्हनलं नेकनूरलाच हाय. आडीचला ईचारलं, नेकनूरलाच. ती म्हनली, कावून थांबलंय वं तितं? आता काय सांगावं? तुजा फोन लागला, पन तू उचलंना. म्या म्हनलं, गाडी पंक्चर झाली भाभी. चाक बदलतोय."

बहीण आतल्या खोलीत होती. तिच्या हातातल्या भांड्याचा आवाज बंद झाला.

"म्या बघितलं न्हाई, कुनी सांगितलं न्हाई, आन् तरी बोललो," चाचा म्हणाले. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "तिनं खरं धरलं. म्हनली, बदलू द्या, घाई नको करू म्हनावं. तेच शेवटचं. तीन दिस झाले, डोळ्याला डोळा न्हाई माज्या. मरत्या मानसापुढं आपन खोटं बोलून बसलो का काय? खरं सांग लेका, पंक्चर झालतं का?"

आयुष्यात त्यांनी पहिल्यांदाच मला एखाद्या गोष्टीचा खरा अर्थ विचारला होता. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. म्हणालो, "झालं होतं चाचा. मागचं चाक. स्टेपनीतही हवा नव्हती, म्हणून वेळ लागला."

चाचांनी दोन्ही हात तोंडावरून फिरवले आणि मोठा श्वास सोडला. "शुकर हाय," म्हणाले. "वाटलंच व्हतं मला. न्हाईतर तू निघालो म्हनलास आन् आला न्हाईस, आसं व्हईलच कसं?" मग भिंतीचा आधार घेत उठले, आणि पहिल्यांदाच आईच्या घरातून तिला हाक न मारता, हळूहळू आपल्या घरी गेले. त्या दिवशी संध्याकाळी ते झोपले ते दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर उठले, असं शेजारी सांगत होते.

बहीण मला त्याबद्दल एक शब्द बोललेली नाही. मीही बोललो नाही. चाचांना खरं सांगावं असं कितीदा मनात येतं, गावी जाताना तर प्रत्येक वेळी येतं. पण मग त्यांची झोप पुन्हा जाईल, आणि ह्या वयात गेलेली झोप परत यायची नाही, असं म्हणून मी गप्प बसतो. त्यांची काळजी म्हणून गप्प बसतो की माझीच सोय म्हणून, हेही मला आता नीट सांगता येत नाही. आई गेली तेव्हा मी नेकनूरला चाक बदलत होतो, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. भेटेल तो हळहळतो, नशीब म्हणतो. चाचांनीच ते सगळ्यांना सांगितलंय, आणि चाचा न झालेली गोष्ट कधी सांगत नाहीत, त्यामुळे कुणी मला पुढं काही विचारत नाही.